महादूच्या नावाचं पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाकीच्या मुलांनी अंकलिपीत गवत, गणपती, गलबत पाहिलं. मला पहिला जोडशब्द आला तो 'जाहीर निषेध'. आमच्या वेल्ह्याच्या घरातली पुढची खोली संघटनेची, मधली झोपायची आणि मागची आईची. पण पत्रकं तिन्ही खोल्यांत असत. डब्यांखाली पत्रकं, फडताळात पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांचं. चिकटवायला लागणारी खळ आई भाताच्या पेजेची करायची आणि दर वेळी म्हणायची, "ह्या घरात भात पिकवायचा आन् भिंतीला खायला घालायचा." आप्पा हसायचे नाहीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, संघटना चालवत. संघटनेचं काम होतं डोंगरावरच्या धनगरवाड्यांचे जमिनीचे दावे. पिढ्यान् पिढ्या ज्या माळावर लोकांची घरं आणि गुरं होती तो कागदावर जंगल होता, आणि तिथं राहणारी माणसं कागदावर कुठंच नव्हती. ती तिथं खरोखर राहतात हे सिद्ध करायला म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्यायचे, त्यांच्याकडच्या जुन्या चराईच्या पावत्या, शाळेचे दाखले गोळा करायचे आणि दाव्याला जोडायचे. माझं नाव जागृती. ते आप्पांनी ठेवलं. आई जागू म्हणायची, आणि सकाळी मी उठत नसले की पूर्ण नावानं हाक मारायची, मुद्दाम.

हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की या एका पावसाळ्याबद्दल लिहिताना स्वतःला सूट द्यायची नाही. पण सूट न देणं म्हणजे स्वतःला बडवणं नव्हे, हे समजायलाही मला बरीच वर्षं लागली. त्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्याइतकं बरोबर जगात कुणी नव्हतं.

पुण्याच्या एका भल्या माणसानं संघटनेला जुना कॉम्प्युटर दिला होता. वीज पडून त्याच्या मुख्य पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, डिस्क जोडायच्या जागा जळाल्या होत्या, म्हणून दुकानदारानं आत एक वेगळं कार्ड बसवून डिस्क त्याला जोडून दिली होती. त्याला कंट्रोलर म्हणतात. डिस्क आणि बाकीचं मशीन यांच्यात निरोपांची ने-आण करणारा तो मधला माणूस. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की आता जबाब टाइप करता येतील, पावत्या स्कॅन करून ठेवता येतील आणि मूळ कागद लोकांना त्यांच्या पेटीत परत देता येतील. मूळ कागद कुणाकडून घेऊन ठेवायचे नाहीत, हा आप्पांचा नियम होता. ज्या लोकांचे कागद तीन पिढ्या कचेऱ्यांतून गहाळ झाले, त्यांचे आपण ठेवून घ्यायचे नाहीत. नियम चांगलाच होता.

दुसरा नियम बसवहीचा. मशीनवर जो बसेल त्यानं शंभर पानी वहीत नाव, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ लिहून सही करायची. आमच्या लोकांचा नोंदीवर असा विश्वास नव्हता, आणि नोंदीशिवाय दुसऱ्या कशावरही विश्वास नव्हता. सातबाऱ्यावरून नावं रातोरात उडालेली त्यांनी पाहिली होती. कोरी जागा दिसली की आमच्याकडचं माणूस विचारतं, "खोडलं कुणी?" इथं काही लिहिलंच गेलं नसेल, असं आमच्या मनात येतच नाही.

मशीनवर बसायचा तो महादू. पासलीच्या वरच्या अंगाला त्यांचा धनगरवाडा, आठ-नऊ घरांचा. बारावी होऊन भोरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, त्या वाड्यातला पहिलाच. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अंगानं किडकिडीत, आणि टाइप करताना जीभ दातांत धरायचा. सकाळच्या एसटीनं यायचा, दुपारी आमच्याकडेच जेवायचा. आई त्याला नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढायची, आणि तो मला म्हणायचा, "जागे, तुजं प्रास्ताविक आटपलं आसंल तर मीठ दे." मी बोलायला लागले की लांब बोलायचे, हे खरं होतं. त्याचं बोलणं तोडकं, पण मनात बसणारं.

श्रावणात मशीन मध्येच बंद पडायला लागलं. महादू पावत्या स्कॅन करत असायचा, स्कॅनरचा तो घशात अडकल्यासारखा आवाज चालू असायचा, बाहेर पत्र्यावर पाऊस, आणि मध्येच पडदा निळा व्हायचा. त्यावर पांढरी अक्षरं यायची, वाचायच्या आत जायची, आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. सुरू झाल्यावर त्या वेळी जतन होत असलेले कागद गेलेले असायचे. फाईलचं नाव असायचं, आत काही नसायचं. आम्ही भोरहून एकाला बोलावून विंडोज नव्यानं टाकून घेतली. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. दाव्यांची सुनावणी महिन्यावर आली होती, वाटेत दरड येऊन रस्ता तीन तीन दिवस बंद होत होता, आणि आम्ही सगळे त्या एका खोलीत, ओल्या कपड्यांच्या वासात, त्या पडद्याकडे बघत बसलेले. तोरणा तर महिनाभर दिसलाच नव्हता. गड जागेवर आहे की नाही हेसुद्धा ऐकीव वाटावं असा तो पाऊस.

एकदा महादू म्हणाला, "मला वाटतंय डिस्क न्हाई बिघडलेली. मधलं काईतरी गरम व्हतंय. डब्याला हात लावून बघ."

मी हात लावला नाही. मी बसवही उघडली. दुपारभर बसून तक्ता केला: मशीन कधी पडलं, तेव्हा कोण बसलं होतं. दुसऱ्यांदा विंडोज टाकल्यापासून नऊ वेळा पडलं होतं. नऊही वेळा महादू. आप्पा बसले, मी बसले, तेव्हा एकदाही नाही. मग मी मशीनची स्वतःची नोंदवही उघडायला शिकले. विंडोज आतल्या आत एक रोजनिशी लिहीत असते, कधी काय बिघडलं त्याची. पुस्तकात पाहून ती उघडली. मशीन पडलं त्या प्रत्येक वेळेची जागा कोरी होती. आधीच्या नोंदी होत्या, नंतरची एक होती, 'यापूर्वीचं बंद होणं अनपेक्षित होतं' एवढीच. मधलं काही नाही. नऊच्या नऊ वेळा.

मला विचाराल तर तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण होता. हे लिहायला लाज वाटते. पण लहानपणापासून ज्या गोष्टींबद्दल वाचलं होतं, ती खाडाखोड, तो घरभेदी, ते माझ्यासमोर माझ्या तक्त्यात उभं होतं आणि मी ते शोधलं होतं.

आप्पांनी तक्ता दोनदा वाचला. म्हणाले, "त्याला विचारायला हवं."

"विचारलं तर सावध होईल," मी म्हणाले. "तुम्हीच सांगता ना आप्पा, कागद बोलतो, माणूस फिरवतो."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पोरगं दोन वर्षं ह्या घरात जेवतंय. एक डाव त्याला पुसा की."

पुसलं नाही. बैठक झाली. कार्यकारिणीतल्या दोघांना आठवलं की महादूला परवा तहसीलच्या आवारात कुणाशीतरी चहा पिताना पाहिलं होतं. वेल्ह्यात एसटीची वाट बघणारा प्रत्येक माणूस तहसीलच्या आवारात चहा पितो, पण त्या दिवशी तोही पुरावा झाला. पत्रक मी लिहिलं. मथळा 'घरभेद्यांना ओळखा'. दोनशे प्रती काढल्या. स्टँडवर, बाजारात, दुधाच्या डेअरीवर, पासलीच्या फाट्यावर चिकटल्या. त्यात 'कोऱ्या नोंदी कुणाच्या हातांनी कोऱ्या झाल्या?' असं एक वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं.

महादूनं आमच्या घरी येऊन भांडण केलं नाही. तो आलाच नाही. त्याचं जेवायचं ताट आमच्या फडताळात होतं, ते आईनं घासून पालथं घातलं.

आणि मशीन सुधारलं. बारा दिवस एकदाही पडलं नाही. आप्पा मान हलवत म्हणायचे, "बघ." कुणाच्याच लक्षात आलं नाही की त्या बारा दिवसांत कुणी एक पावतीही स्कॅन केली नव्हती. ते काम कायम महादूच करायचा. आम्ही नुसती पत्रं टाइप करत होतो.

तेराव्या दिवशी उरलेल्या पावत्या घेऊन मी बसले. बसवहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली. सतरावी पावती चालू असताना पडदा निळा झाला.

आप्पा बाहेर गेले होते. मागच्या खोलीत आई कुरडूची भाजी निवडत होती, देठ मोडल्याचा आवाज येत होता. मी खुर्चीत बसून राहिले. मग मी जे केलं ते सांगते. बसवहीतलं माझं पान मी काढलं. फाडलं नाही, शिवण उसवून अलगद काढलं, जोडीचं पानही काढलं, म्हणजे वही अखंड दिसावी. नोंदी खोडणाऱ्यांवर दोनशे पत्रकं काढून दोन आठवडेही झाले नव्हते.

ते पान दोन दिवस माझ्या दप्तरात होतं. त्या दोन दिवसांत मी जेवले, बोलले, सुनावणीची यादी केली. घरातली प्रत्येक वस्तू ओळखीची होती आणि कुठंही बसायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी आप्पांना म्हणाले, मशीन एकदा भोरला दाखवून आणते. मशीनचा डबा जुन्या गोधडीत आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, उरलेल्या पावत्या दप्तरात घातल्या, डबा एसटीत मांडीवर घेतला. चेलाडीला उतरून दुसरी गाडी, कापूरहोळवरून भोर. कंडक्टर म्हणाला, "काय गं, पेटी कसली?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. "आजारी हाय व्हय? मग खिडकीपाशी नको बशीवू, गार लागंल."

भोरला मंगलताईंचं दुकान होतं. उत्रोलीच्या, पन्नाशीच्या बाई, सकाळी भातखाचरात आणि दुपारी दुकानात. महादूला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी माझं नाव ऐकलं, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चहा विचारला नाही. डबा उघडला. मशीन चालू करून आधी पडद्यावरच्या एका खिडकीतली एक खूण काढून टाकली. "बिघडलं की आपोआप पुन्हा सुरू हो, असं त्याला सांगून ठेवलंय. म्हंजे ते कोकलतंय आन् तुमी त्याचं तोंड दाबताय." मग मी बरोबर आणलेल्या पावत्या त्यांनी आपल्या स्कॅनरवर स्कॅन करायला लावल्या. पडदा निळा झाला आणि या वेळी निळाच राहिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आकडे कागदावर उतरले. "डिस्कवरून काईतरी मागवलं, ते आलंच न्हाई, आसं म्हणतंय. आता डिस्कनं दिलं न्हाई का मधल्यानं पोचवलं न्हाई, त्ये बघू."

त्यांनी आमची डिस्क काढून त्यांच्या स्वतःच्या मशीनला जोडली. तीन तास ती चालली. सगळ्या फाईली त्यांनी उतरवून घेतल्या, ती कुठंही अडखळली नाही. मग त्यांची चांगली डिस्क आमच्या कार्डाला लावली. विसाव्या मिनिटाला निळा पडदा. त्यांनी माझं मनगट धरून माझं बोट त्या कार्डावर ठेवलं. मी हात झटकन मागं घेतला.

"हलकं काम आसलं की चालतंय," त्या म्हणाल्या. "मोठ्या फाईली लिवायला लागलं की तापतंय, आन् तापलं की हात वर. जो कोन जड काम करील त्याच्याच हातात पडनार."

"पण नोंदी?" मी विचारलं. "त्या वेळच्या नोंदी कोऱ्या का?"

"आगं बाई, नोंद लिवायची कुठं? डिस्कवरच ना? तिकडं जायचा रस्ताच बंद पडला, तर रस्ता बंद पडला ह्ये लिवून ठेवाया जायचं कुठनं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "महादूनं मला फोन केला व्हता. दोन म्हयन्यांमागं. मी म्हनलं, कार्ड बघ. त्यो म्हनला, सांगतो त्यांना."

परतीच्या वाटेवर दरडीमुळे गाडी चार तास उभी होती. खिडक्यांवर वाफ. पुढं मागं गाड्या, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदीचा आवाज. मला वाटत होतं गाडी सुटूच नये.

आप्पांना मी सगळं सांगितलं, काढलेल्या पानासकट. ते म्हणाले, "नवीन कार्ड टाकून घेऊ. महादूला बोलावू. मी स्वतः त्याची माफी मागीन."

"आणि पत्रक?"

"पत्रक नाही काढायचं."

मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण मोठ्यानं बोलले. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "आठ दिवसांवर सुनावणी आहे. आपल्या जबाबांवर संघटनेचा शिक्का आहे. उद्या आपणच छापलं की आमचं पत्रक खोटं होतं, आमच्या वहीतलं पान काढलेलं होतं, तर पलीकडचा, जंगलखात्याचा माणूस तेवढंच वाचून दाखवील. एकट्या महादूसाठी दीडशे घरांचे दावे घालवायचे का? तू सांग. तू ठरव."

आज मी त्या वेळच्या आप्पांच्या वयाकडे सरकते आहे, आणि अजूनही या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. एकटा माणूस आणि दीडशे घरं, हा हिशोब मांडणाऱ्यांविरुद्धच आम्ही जन्मभर पत्रकं काढली होती, एवढंच. सुनावणी झाली. काही दावे मान्य झाले, काही अर्धे, काही अजून पडून आहेत. मी सुनावणीच्या आधीच दुसरं पत्रक हातानं लिहून, संघटनेच्या नावाशिवाय, स्वतःच्या नावानं स्टँडवर लावलं. पलीकडच्यानं ते वाचून दाखवलं नाही. कदाचित त्यानं ते पाहिलंच नव्हतं. आप्पा माझ्याशी वर्षभर कामापुरतं बोलले. हे सगळं नंतरचं. पण स्टँडवर लावायच्या आधी मला वाड्यावर जायचं होतं.

पासलीच्या पुढं चढण आहे. पाऊस उघडला होता पण ढग जमिनीवर बसले होते. गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या, गुरं दिसत नव्हती. महादू गोठ्यात शेण ओढत होता. मला पाहून त्यानं फावडं ठेवलं नाही.

"कार्ड होतं," मी म्हणाले.

"म्हाईत हाय."

"मी लिहून आणलंय. पत्रक. चूक माझी होती असं. मी पानही—"

"प्रास्ताविक नको," तो म्हणाला. पण हसला नाही. मग म्हणाला, "पयलं पत्रक हितं कुनी आनलं, म्हाईत हाय? माज्या आयनं. फाट्यावर दिसलं, संघटनेचा शिक्का वळकीचा, म्हनून सोडवून घिऊन आली. सगळी जमली. पत्रक आलं की हितं वाचनारा मी. मीच वाचतो कायम. उभा राहिलो आन् मथळा वाचला. मग खाली नजर गेली."

"मग?"

"मग काय. समदे ऐकत व्हते. वाचलं. माजं नाव आलं तितं बी वाचलं. मदीच थांबलो आसतो तर म्हनले आसते, लपवतोय."

तो म्हणाला, "तुजं तू वाच. ह्ये मी न्हाई वाचायचा."

त्यानं हाका मारल्या. माणसं आली. त्याची आई, काठी टेकत धोंडूमामा, म्हणजे वाड्यातलं सगळ्यात जुनं माणूस, दोन बाया कडेवर मुलं घेऊन. मी ओसरीच्या कडेला उभं राहून वाचलं. दोन पानं होती. मशीन, कार्ड, तापणं, कोऱ्या नोंदी, माझा तक्ता, मी काढलेलं पान, आणि महादू निर्दोष आहे, त्यानं आधीच खरं सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. माझा आवाज चांगला आहे, सभेत तापलेला. मी तो खाली ठेवायचा प्रयत्न करत होते आणि तो वर चढत होता. शेवटच्या वाक्याला एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते कळलं, आणि त्यानं बरं वाटलं, तेही मला कळलं.

धोंडूमामा म्हणाले, "ह्याच्यावर शिक्का न्हाई दिसत."

"नाही मामा. हे माझं एकटीचं आहे."

"आन् पयलं?"

"लिहिलं मीच होतं. छापलं सगळ्यांनी."

ते काठीच्या टोकानं माती उकरत राहिले. महादूच्या आईनं हात पुढं केला, तेव्हा मी कागद तिला दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो दोन्ही हातांत धरून जरा लांब नेऊन पाहिला, आणि माझ्याकडे पाहून, रागानं नाही, खरंच विचारायचं म्हणून, म्हणाली, "पयलं बी आसंच खरं वाटलं व्हतं, बाय. ऐकून रडले व्हते मी. ह्ये बी खरंच वाटतंय. आता आमी कशावरनं वळकायचं?"

तिनं कागद महादूकडे दिला. महादूनं त्याच्यावर नजर टाकली नाही, घडी घातली, आणि माझ्या हातात परत ठेवली.